सामर्थ्य वाढते, शील वाढते काय?

गेल्या पावसाळ्यातील एका रविवारी आम्ही शब्बाथ शाळेत शमशोनाचा पाठ घेत होतो. शास्ते १३ ते १६ हे चार अध्याय मुलांना नेहमीच आवडतात. सिंह, कोल्हे, गाढवाचे जाभाड, गज्जाच्या वेशीचे दरवाजे, सारे काही त्यांत आहे. पाठ ऐन रंगात आला असता बारा वर्षांच्या एका मुलाने हात वर केला आणि विचारले, "सर, शमशोनाचं हे कितवं गियर?" बाकीची मुले खदखदून हसली. आम्ही मात्र गोंधळलो. आम्हाला ठाऊक असलेले गियर मोटारसायकलचे.

उपासना संपल्यावर त्या मुलाची आई आमच्याकडे आली. "भाऊ, आता तुम्हीच याला सांगा. दिवसभर त्या चाच्यांची गोष्ट. मोबाइलवर तेच, मित्रांकडून आणलेली पुस्तकं तीच. त्यात सैतानाचं फळ खातात म्हणे. बंद करून टाकू का?"

बंद करा, असे म्हणणे सोपे होते. पण न वाचता निकाल देऊ नये, एवढे तरी आम्ही ईश्वरविज्ञानाची पदविका घेताना शिकलो होतो. आम्ही त्या मुलाकडूनच पुस्तके मागून घेतली. आमचे कामरेज तापीकाठी, सुरतेपासून वीसेक किलोमीटरवर. महामार्गामुळे आता जवळजवळ शहरच. मराठी मंडळीतील पुष्कळ घरे खानदेशातून आलेली. आमची मुले शाळेत गुजराती बोलतात, घरी मराठी, आणि ह्या एका गोष्टीपुरती जपानीही बोलतात असे आम्हाला दिसून आले. आमचे तसे नाही. इंग्रजी भाषांतराचे खंड समोर, शेजारी हा बारा वर्षांचा शिक्षक, अशा रीतीने आमचे वाचन चालले.

ज्या वाचकांनी हे नाव ऐकले नसेल त्यांच्यासाठी थोडे सांगतो. 'वन पीस' ही एइचिरो ओदा ह्या जपानी चित्रकाराची चित्रकथा. जपानात अशा चित्रकथेला 'मांगा' म्हणतात. जुलै १९९७ मध्ये ती एका साप्ताहिकात सुरू झाली. २०२१ मध्ये तिचा शंभरावा खंड निघाला आणि पुढच्याच वर्षी तिच्या प्रतींनी जगभरात पन्नास कोटींचा आकडा ओलांडला. लुफी नावाचा एक हसरा, खादाड, काहीसा बावळट मुलगा चाच्यांचा राजा होण्यासाठी समुद्रावर निघतो, एकेक सोबती मिळवीत जातो आणि बेटामागून बेट लढतो, एवढीच तिची कथा. मुले मात्र ती कथा म्हणून वाचत नाहीत; ती हिशेब म्हणून वाचतात. कोणाचे सामर्थ्य किती, कोण कोणाला हरवील, कोणाच्या डोक्यावर सरकारने किती इनाम लावले, ह्यावर तासन् तास वाद चालतात. लुफीचे इनाम तीन कोटींपासून सुरू होऊन तीनशे कोटींवर गेले, हे त्या मुलाने आम्हाला इतक्या अभिमानाने सांगितले की जणू त्याच्या घरचाच कोणी परीक्षेत पहिला आला होता. हे इनाम म्हणजे सरकारने गुन्हेगारावर लावलेली किंमत, ह्याकडे त्याचे लक्ष नव्हते. त्याच गोष्टीत रॉबिन नावाची एक आठ वर्षांची मुलगी आहे. तिच्यावर सरकारने सात कोटी नव्वद लाखांचे इनाम लावलेले असते. ती बलवान आहे म्हणून नव्हे, तर जी प्राचीन लिपी वाचण्यास सरकारने बंदी केली ती तिला वाचता येते म्हणून. तेव्हा आकडा नक्की काय मोजतो, हा प्रश्न खुद्द लेखकानेच करून ठेवला आहे.

आता त्या फळाविषयी, कारण आईला भय त्याचेच होते. ह्या गोष्टीतील काही माणसांनी एक विचित्र फळ खाल्लेले असते. त्यामुळे कोणाचे अंग रबराचे होते, कोणाचे आगीचे, कोणाचे धुराचे. जपानी नावात 'सैतान' हा शब्द आहे खरा, पण त्यात सैतानाची उपासना कोठे आहे असे आम्हाला दिसले नाही. दिसला तो एक नियम, आणि तो फार विचारपूर्वक केलेला आहे. जो हे फळ खातो त्याला समुद्र नाकारतो. तो कधीही पोहू शकत नाही; पाण्यात पडला की त्याचे हातपाय गळतात आणि तो दगडासारखा तळाशी जातो. ज्याला आयुष्यभर समुद्रावरच राहावयाचे त्याला सामर्थ्य मिळते ते असे. म्हणजे ह्या कथेत जो अधिक बलवान तो अधिक परावलंबी. लुफी पाण्यात पडला की कोणीतरी सोबत्याने उडी मारून त्याला वर काढावे लागते, आणि तो सोबती बहुधा फळ न खाल्लेला असतो.

शमशोनाचे चार अध्याय ह्यानंतर आम्ही पुन्हा वाचले, तेव्हा एक गोष्ट नव्याने खटकली. त्याला सोबती नाही. तो सिंहाशी एकटा लढतो, पलिष्ट्यांशी एकटा लढतो. त्याचेच तीन हजार भाऊबंद येतात ते त्याला बांधून शत्रूच्या हाती देण्यासाठी. त्याचे बळ पहिल्यापासून पुरे आहे, आणि कदाचित म्हणूनच त्याला कोणाकडे काही मागावे लागत नाही. शील मात्र पहिल्या अध्यायात जेथे होते तेथेच राहते. मुलाचा प्रश्न वाटला तितका बावळट नव्हता. शमशोनाला गियर होते, वाढ नव्हती.

मग लुफीला वाढ आहे काय? येथे आम्ही बरेच अडखळलो. वरवर पाहता तोही बदलत नाही. पहिल्या खंडातला मुलगा शंभराव्या खंडातही तसाच मांसावर तुटून पडतो. वाढतात ती लढण्याची साधने. रक्ताचा वेग वाढवून लढणे हे दुसरे गियर, हाडांत हवा भरून अवयव प्रचंड करणे हे तिसरे, पुढे चौथे, पाचवे. एवढ्यावर थांबलो असतो तर ह्या कथेला आम्ही मुष्टियुद्धाची लांबण म्हणून बाजूला ठेवले असते. परंतु तीन जागा आम्हाला थांबवून गेल्या.

पहिली जागा आरंभीच येते. आर्लाँग नावाचा एक क्रूर खलनायक लुफीला तुच्छतेने विचारतो की, तुझ्यात आहे तरी काय? त्यावर हा नायक आपली यादी वाचतो, पण ती उणिवांची. मला तलवार चालवता येत नाही, जहाजाची दिशा कळत नाही, स्वयंपाक येत नाही, खोटेही बोलता येत नाही. सोबत्यांनी मदत केली नाही तर मी जगू शकणार नाही. हे तो लाजत सांगत नाही, ठासून सांगतो. आणि मग म्हणतो की, तुला हरवणे मात्र मला जमेल. आमच्या मंडळीच्या निवडणुकीत उभ्या राहणाऱ्या कोणा बंधूने अशी यादी वाचल्याचे आम्हाला आठवत नाही.

दुसरी जागा कथेच्या मध्यावर आहे. एका बेटावर त्याचे सारे सोबती त्याच्या डोळ्यांदेखत एकेक करून नाहीसे केले जातात, आणि तो एकालाही वाचवू शकत नाही. पुढे ज्या भावाला सोडवण्यासाठी तो जिवावर उदार होतो, तो भाऊ त्याच्या पुढ्यातच मरतो. लुफी वेड्यासारखा स्वतःला जखमा करून घेतो, झाडे फोडतो. तेव्हा जिंबे नावाचा एक वडीलधारा त्याला दाबून धरतो आणि गेलेले मोजू नकोस, काय उरले आहे ते मोज, असे बजावतो. मुलगा बोटे मोडीत मोजतो. सोबती उरले आहेत. त्यानंतर तो जे करतो ते चाच्यांच्या कथेला न शोभणारे आहे. तो थांबतो. तीन दिवसांनी भेटण्याचा बेत होता. तो दोन वर्षांवर ढकलण्याचा निरोप तो सोबत्यांना धाडतो आणि रेली नावाच्या म्हाताऱ्या गुरूपाशी शिकायला बसतो. तिकडे झोरो हा त्याचा तलवारबाज सोबती, ज्याला हरवणे हेच त्याच्या आयुष्याचे ध्येय त्याच वैऱ्यापुढे जमिनीला डोके लावून, मला शिकवा, अशी विनवणी करतो. दोन वर्षे शिकून दोघेही अधिक बलवान झाले खरे. पण आमच्या मते वाढ त्या दोन वर्षांत झाली नाही. ती थांबण्याच्या आणि डोके टेकण्याच्या क्षणी झाली. दोन वर्षांनी आले ते तिचे फळ, आणि मुले ते फळच तेवढे मोजतात.

हा गुरू 'हाकी' नावाची शक्ती शिकवतो. ती माणसाच्या इच्छाशक्तीतून निघते. तिचे तीन प्रकार. एकाने समोरच्याची चाहूल व हेतू कळतो, दुसऱ्याने अंगावर न दिसणारे चिलखत चढते, आणि तिसरी, राजाची हाकी, लाखांत एखाद्याला जन्मतःच असते. पहिल्या दोन सरावाने वाढतात. तिसरी सरावाने वाढत नाही. माणूस जितका वाढेल तितकीच ती वाढते. हे वाचून आम्ही पुस्तक मिटून थोडा वेळ बसलो होतो.

तिसऱ्या जागेकडे वळण्यापूर्वी चाच्यांविषयी दोन शब्द बोलले पाहिजेत, कारण आम्ही सुरतेजवळ राहतो. १६९५ साली मक्केहून यात्रेकरूंना घेऊन सुरतेकडे परतणारे 'गंज-इ-सवाई' हे मोगलांचे जहाज हेन्री एव्हरी ह्या इंग्रज चाच्याने लुटले. जहाजावरील लोकांचे, विशेषतः स्त्रियांचे जे हाल झाले ते येथे लिहिण्यासारखे नाहीत, आणि त्याचा राग म्हणून सुरतेच्या इंग्रज व्यापाऱ्यांना त्यांच्याच वखारीत कोंडण्यात आले. खरे चाचे हसरे नव्हते, हे मुलांना सांगितलेच पाहिजे. दुसऱ्या बाजूस, इंग्रजांच्या कागदांत कान्होजी आंग्रे हाही चाचाच आहे; आमच्या इतिहासात तो मराठ्यांच्या आरमाराचा सरखेल. १७२१ मध्ये इंग्रज व पोर्तुगीज मिळून त्याच्या कुलाब्यावर चालून गेले आणि हात हलवीत परतले. कोणाला चाचा म्हणावे हे पुष्कळदा शिक्का कोणाच्या हाती आहे त्यावर ठरते. संत ऑगस्टीनने आपल्या 'देवाचे नगर' ह्या ग्रंथात सिकंदरापुढे उभ्या केलेल्या एका चाच्याची गोष्ट दिली आहे. एका गलबताने लुटतो म्हणून मी चोर आणि मोठ्या आरमाराने लुटतोस म्हणून तू सम्राट, असे तो चाचा राजाला ऐकवतो. ओदांच्या कथेतही गुलाम बाळगणारे उमराव सरकारचे आहेत आणि गुलामांना सोडवणारे पुष्कळदा चाचे आहेत. हे मुलांना कळते. मोठ्यांनाच ते समजावून सांगावे लागते.

आता ती तिसरी जागा. कथेच्या आरंभी कोबी नावाचा एक रडका, चष्मेवाला मुलगा भेटतो. तो पुढे आरमारात शिपाई होतो, म्हणजे लुफीच्या विरुद्ध बाजूस. भावाच्या मृत्यूनंतरही ते महायुद्ध थांबत नाही. जिंकलेली बाजू पळणाऱ्यांना आणि जखमींना मारीतच राहते. तेव्हा हा कोबी आपल्याच सेनापतीपुढे हात पसरून उभा राहतो आणि रडत ओरडतो की आता पुरे, ही माणसे फुकट मरत आहेत. त्याच्यापाशी तेव्हा त्या सेनापतीला तोंड देण्याजोगे काहीच नसते. सेनापती त्याला मारण्यासाठी हात उगारतो, इतक्यात दुसरा कोणी येऊन तो घाव अडवतो, आणि ह्या मुलाने जिवाची बाजी लावून मिळवलेल्या काही क्षणांनी जगाचे भवितव्य बदलले, असे म्हणतो. शेकडो पानांच्या त्या युद्धात आमच्या लक्षात राहिले ते हे काही क्षण. त्यांत कोणतेही गियर नाही.

ह्या कथेत आम्हाला न आवडलेलेही पुष्कळ आहे. स्त्रियांची चित्रे जशी काढली आहेत ती शब्बाथ शाळेच्या मुलांपुढे ठेवण्यासारखी नाहीत. एकेक लढाई खंडामागून खंड चालते, आणि शेवटी न्याय होतो तो ठोशानेच. दुष्टाचे बालपण किती दुःखाचे होते हे सांगून डोळ्यांत पाणी आणायचे आणि नंतर त्याला आकाशात भिरकावून द्यायचे, ह्यात पश्चात्तापाला फारशी जागा उरत नाही. पहिल्याच प्रकरणात शँक्स नावाचा थोर चाचा एका दरोडेखोराने डोक्यावर बाटली फोडली तरी हसून सोडून देतो, आणि छोटा लुफी त्याला भित्रा समजतो. त्यानंतर ह्याच मुलाला समुद्रातून वाचवताना शँक्स आपला एक हात गमावतो. बलवानाने कोठे लढू नये आणि कोठे हात द्यावा, हा सारा धडा त्या पहिल्या पन्नासेक पानांतच आहे. पुढच्या गर्दीत लेखकालाच त्याचा विसर पडतो की काय, असे मधूनमधून वाटले.

पण आमची खरी अडचण ह्या कशातच नव्हती. ती भाद्रपदात एका संध्याकाळी आली. मोठ्या मुलांचा वाद चालला होता. २०२२ मध्ये कथेत असे उघड झाले की, लुफीने खाल्लेले फळ साधे रबराचे नव्हतेच. ते एका प्राचीन मुक्तिदात्या देवाचे फळ होते. एक जण चिडून म्हणत होता, "पंचवीस वर्षं मेहनत दाखवली आणि शेवटी काय, तो आधीच निवडलेला!" दुसरा म्हणत होता, "मेहनत केली नसती तर फळ जागं झालं असतं का?" आम्हाला हसू आले, कारण पेलाजियस आणि ऑगस्टीन पाचव्या शतकात जवळजवळ ह्याच गोष्टीवर भांडले होते. आम्ही तसे सांगण्याच्या तयारीत होतो. तेवढ्यात आमचा तो बारा वर्षांचा मुलगा हळूच म्हणाला, "सर, माझ्या पप्पांचं ट्रेनिंग वीस वर्षं झालं. मग त्यांना पॉवर का नाही आली?"

त्याचे वडील हिरे घासतात. सुरतेकडे अशा कारागिराला रत्नकलाकार म्हणतात. शब्द मोठा आहे. २०२३ पासून ह्या धंद्यात मंदी आली, कारखान्यांनी कामाचे तास कमी केले, पुष्कळांना घरी बसवले. वीस वर्षे घंटीवर मान वाकवून बसलेला हा माणूस त्या दिवसांत आठवड्यातून तीन दिवस कामाला जात होता, आणि नंतर तेही थांबले. मान दुखते, डोळे पूर्वीसारखे राहिले नाहीत. आम्ही मुलाला त्या वेळी काहीच उत्तर दिले नाही. पौलाच्या शरीरातील काट्याचा शास्त्रभाग आमच्या जिभेवर आला होता, पण बारा वर्षांच्या मुलापुढे तो टाकणे म्हणजे त्याचे तोंड बंद करणे झाले असते.

त्या रात्री मनात आले की ह्यात दोष चित्रकथेचा एकटीचा नाही. आम्ही व्यासपीठावरूनही तेच शिकवतो. दुःख सोसले की बळ येते, संकटातून माणूस मजबूत होऊन निघतो, असे आम्ही किती वेळा म्हटले असेल! रोमकरांस पत्राचा पाचवा अध्याय उघडून पाहिला. पौल तेथे एक साखळी देतो. संकटातून धीर येतो, धीरातून शील, शीलातून आशा. वीस वर्षे तो अध्याय वाचीत आलो, पण त्या साखळीत सामर्थ्य नाही, हे त्या रात्री प्रथमच दिसले. संकटाने माणूस बलवान होतो असे पौल तेथे म्हणतच नाही. ते आमचे आम्ही घातले.

आणि त्या मुलाच्या वडिलांच्या धंद्यातच ह्याची खूण आहे. हिरा हिऱ्याच्याच भुकटीने घासला जातो. कच्च्या खड्याचे वजन घासता घासता पुष्कळदा निम्म्याहून अधिक जाते. वाढ म्हटली की आमच्या डोळ्यांपुढे भर पडणेच येते. तेथे मात्र किंमत वाढते ती जाण्याने. फार ताणू नये, हे आम्हाला कळते. माणूस खडा नव्हे, आणि मंदीने कोणाला पैलू पडत नाहीत. मंदीने घरातले धान्य संपते. ज्याने वीस वर्षे राबून रिकामे घरी बसावे, त्याला ही तुझी घडण चालली आहे असे सांगण्याचा अधिकार आम्हाला तरी नाही.

पण मुलाच्या प्रश्नाचा दुसरा अर्धा भाग उरतो. पॉवर आली नाही, तर मग काय आले? ओदांच्या कथेत एक प्रसंग आहे. झोरो आपल्या बेशुद्ध कप्तानाची सारी वेदना स्वतःच्या अंगावर घेतो, रक्ताने न्हालेला उभा राहतो, आणि सोबत्याने काय झाले म्हणून विचारले तर काही झाले नाही एवढेच सांगतो. लुफीला त्याने ते कधी सांगितल्याचे आम्ही वाचले नाही. मुले ह्या प्रसंगावर जीव टाकतात. आम्ही पुढच्या रविवारी त्या मुलाला विचारले, "पप्पा कारखान्यातून परत पाठवले गेले त्या दिवशी घरी येऊन काय म्हणाले?" तो थोडा वेळ गप्प राहिला. "म्हणाले, काही नाही, आज लवकर सुटलो." मग तो आमच्याकडे पाहत राहिला. आम्ही त्यावर काहीही बोललो नाही.

आईला आम्ही इतकेच सांगितले की पुस्तके बंद करू नका, मात्र काही खंड आम्ही पाहून मगच त्याच्या हाती देऊ. रात्री दहानंतर मोबाइल तुमच्या उशाखाली ठेवा. ही दुसरी सूचना तिला पहिलीपेक्षा अधिक पटली असे दिसले.

नाताळच्या सुमारास आम्ही त्यांच्या घरी प्रार्थनेला गेलो होतो. वडील खिडकीपाशी बसून कोणाचा तरी एक लहानसा खडा आयग्लास लावून पाहत होते. ओळखीच्या माणसाने नुसता पारखायला दिला होता. मुलगा शेजारी. वडिलांनी आयग्लास त्याच्या डोळ्याला लावली आणि आत दोषाची एक रेघ कोठे आहे ते दाखवले. त्याला पाच मिनिटे ती दिसेना. मग दिसली. तो आमच्याकडे वळून म्हणाला, "सर, पप्पांना केनबुनशोकु आहे!"

"हे काय असतं, भाऊ?" वडिलांनी आम्हाला विचारले.

आम्ही म्हणालो की ती हाकीची एक जात आहे, पण नीट कळायला पहिल्या खंडापासून सांगावे लागेल, फार वेळ जाईल.

"सांगा की," ते म्हणाले. "वेळ तर सध्या आहेच."